झाकण उघडायची भीती

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजारातून एक फेरी मारली तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. तिथे मिक्सर दुरुस्त करणारा असतो, कूलरची मोटर बांधून देणारा असतो, शिलाई मशीनला तेलपाणी करणारा असतो आणि शेतातल्या पंपाचे वाइंडिंग करून देणारा तर असतोच असतो. या वस्तू आपण दहा-दहा, वीस-वीस वर्षे वापरतो. बिघडल्या की पिशवीत घालतो आणि दुरुस्तीला नेतो. संगणकाचे मात्र तसे होत नाही. तो जरा रेंगाळू लागला की घरात निकाल लागतो, ‘जुना झाला.’ दुकानात नेला तर तिथेही उत्तर तयार असते, ‘याच्यात आता काही राह्यलं नाही भाऊ, नवाच घेऊन टाका.’ पाच-सहा वर्षांच्या यंत्राला म्हातारा ठरवून अडगळीत टाकण्याचा हा जो प्रघात पडला आहे, त्याविषयी आज थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

हिंगणघाटसारख्या गावात हा प्रश्न हौसेचा नाही. २०२० आणि २०२१ साली शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरत होते. तेव्हा अनेक घरांनी कापसाच्या चुकाऱ्यातून, पतसंस्थेच्या कर्जातून किंवा दुकानदाराच्या हप्त्यांवर आयुष्यातला पहिला लॅपटॉप घेतला. त्यावेळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये साधारणपणे चार जीबी मेमरी आणि फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असे. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली मुलगी आज दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर आहे. तिला सीईटीचा अर्ज भरायचा आहे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची कागदपत्रे चढवायची आहेत, प्रवेशाच्या फेऱ्यांवर नजर ठेवायची आहे. म्हणजे यंत्राची खरी गरज आता लागली, आणि नेमके आताच ते ‘कामातून गेले’ असे घराला सांगितले जाते. नवा लॅपटॉप म्हणजे कित्येक घरांचे दोन-तीन महिन्यांचे उत्पन्न. मग मुलगी गावातल्या सेवा केंद्रासमोर रांगेत उभी राहते आणि घरचा लॅपटॉप कपाटावर धूळ खातो.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेची भर पडली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे एका तारखेसरशी कालबाह्य म्हणवली गेली. वास्तविक त्या दिवशी कुणाचाही संगणक बंद पडला नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणार नाहीत हा धोका मात्र खरा आहे आणि त्याकडे डोळेझाक करू नये. पण त्यालाही उपाय होता. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ कंपनीनेच देऊ केली. शिवाय ज्यांचे काम पत्रे, अर्ज, अभ्यास आणि चित्रफिती एवढेच आहे त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली आहे, आपल्याच सी-डॅकने घडवलेली ‘बॉस’ आहे. यंत्र बदलण्यापूर्वी त्यातली प्रणाली बदलून पाहता येते, एवढे तरी ग्राहकाला कुणी सांगायला हवे की नको?

ऊन लागलेला संगणक

मुळात संगणक संथ का होतो? त्यातला प्रोसेसर काही सायकलच्या चेनसारखा झिजत नाही. तो पहिल्या दिवशी जेवढ्या वेगाने चालत होता तेवढ्याच वेगाने सहाव्या वर्षीही चालू शकतो. त्याला अडवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा बाहेरच्या असतात, आणि आपल्या भागात त्यातली पहिली म्हणजे उष्णता.

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो. कूलर नसलेल्या खोलीत दुपारी बसवत नाही, तिथे लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवला जातो. त्याची हवा आत घेण्याची जाळी बहुधा तळाला असते आणि ती गादीने बुजते. प्रोसेसरचे तापमान शंभर अंशांच्या आसपास गेले की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. आपल्याला वाटते यंत्र थकले. खरे तर त्याला ऊन लागलेले असते! एक लाकडी पाट किंवा चार बाटल्यांची झाकणे खाली सरकवून लॅपटॉप बोटभर उचलला तरी पुष्कळदा फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट धुळीची. हिंगणघाट हे कापसाचे गाव. हंगामात जिनिंगच्या परिसरात रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात. ते संगणकाच्या पंख्याने आत ओढले जातात, धुळीशी मिसळतात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर गोधडीसारखा थर बसवतात. पंखा घरघरतो, हवा मात्र जात नाही. ज्या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कापडगिरण्या पाहिल्या, त्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गिरणीत साचे झाडणे आणि तेल घालणे हे रोजच्या कामातच धरलेले असे. रुई अडकली म्हणून कुणी साचा भंगारात काढला नाही.

सफाई अवघड नाही. संगणक पूर्ण बंद करावा, प्लग काढावा, आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या धातूला एकदा स्पर्श करावा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सोडवावी. हवेचा झोत मारायचा तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरारा फिरून खराब होते. ओले फडके आत नेऊ नये. आणि वीजपुरवठ्याचा जो बंद डबा आत असतो तो कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो. प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप काही वर्षांनी वाळतो. तो मात्र जाणत्याकडून बदलून घ्यावा.

आधी काय पाहावे

सफाईने भागले नाही तर पुढे काय? इथे फार शहाणपण लागत नाही, क्रम तेवढा पाळायला हवा.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे संगणक ‘रीस्टार्ट’ करणे. पुष्कळांना वाटते की आपण रोज रात्री तो ‘शट डाउन’ करतोच. पण विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असली की शट डाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणून कालचा गोंधळ आजही तसाच राहतो. रीस्टार्टने मात्र पाटी कोरी होते. दुकानातला कारागीर पहिल्यांदा हेच करतो, हे वाचकांनी कधी पाहिले असेलच.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. जो तक्ता उघडतो त्यात मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकले आहे ते दिसते. ‘स्टार्टअप’च्या यादीत संगणक सुरू होताच न बोलावता हजर होणारे प्रोग्राम असतात. लग्नघरी जसे काही पाहुणे अक्षता पडण्याआधीच पंगतीला बसतात, तसे. त्यातले अनोळखी, विनाकारण असलेले प्रोग्राम बंद करावेत. व्हायरसपासून रक्षण करणारा मात्र राहू द्यावा.

या तक्त्यात डिस्क सतत शंभर टक्के दिसत असेल तर दुखणे सापडले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि एक सुई योग्य जागा शोधत इकडून तिकडे धावते. एकेका शोधाला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारा भागच नाही, तिथे तेच काम त्याच्या शतांश वेळात होते. म्हणूनच पाच मिनिटे रेंगाळत सुरू होणारा संगणक एसएसडी बसवल्यावर बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होतो. चार जीबीची मेमरी वाढवून आठ केली तर दुसरा मोठा अडसर निघतो. जुन्या यंत्रावर पैसा खर्चायचा तर तो या दोन ठिकाणी खर्चावा. मात्र काही पातळ लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी मेमरी मुख्य पट्टीलाच डाखलेली असते, ती वाढत नाही. खरेदीच्या वेळीच ‘मेमरी वाढवता येईल का?’ असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. गाडी घेताना आपण मायलेज विचारतोच की!

आणखी दोन किरकोळ दुखणी अशी आहेत की ज्यांच्यामुळे चांगली यंत्रे मोडीत जातात. संगणकाची तारीख रोज मागे जात असेल आणि प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ असल्याचा इशारा देत असेल, तर तो व्हायरस नसून आतले बटनासारखे नाणेसेल संपलेले असण्याची शक्यता अधिक. सीआर २०३२ या नावाने ते घड्याळजीकडेही मिळते. तारीख चुकली की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतीबाहेर दिसतात, एवढाच तो मामला. तसेच, डेस्कटॉपचा पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच उमटत नाही आणि आतून बीप-बीप आवाज येतो, तेव्हा मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक शाळकरी खोडरबराने हलके पुसावे आणि ती नीट दाबून बसवावी. पुष्कळदा ‘मेलेला’ संगणक एवढ्याने उठून बसतो.

उलट, ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ अशी जाहिरात करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून चार हात दूर राहावे. दोन-दोन अँटिव्हायरस एकत्र बसवले तर सुरक्षा दुप्पट होत नाही, ते एकमेकांशीच भांडतात. आणि पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे झळकले तर तो शुद्ध भामटेपणा समजावा. फोन केला की ते तुमच्या यंत्राचा ताबा मागतात आणि पुढे बँकेच्या खात्याकडे वळतात. कुणी फसलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक.

मात्र या सर्वांच्या आधीचे एक काम आहे. दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य फार सहज बोलले जाते. त्या एका वाक्यात मुलाच्या बारशाचे, गेलेल्या वडिलांचे, बहिणीच्या लग्नाचे फोटो कायमचे पुसले जाऊ शकतात. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला की ती शेवटचे दिवस मोजते आहे असे समजावे आणि प्रथम माहितीची नक्कल काढून घ्यावी. महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत घरात आणि एक घराबाहेर, मुलीच्या सासरी, भावाकडे, कुठेही असावी. संगणक विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा तर आतले खासगी फोटो केवळ ‘डिलीट’ करून भागत नाही, कारण तसे पुसलेले परत मिळवता येते. शक्य असेल तिथे डिस्कच काढून घरी ठेवावी.

हिंगणघाटची कबर, पुण्याचे दुकान

आता कुणी म्हणेल, ही सगळी तज्ज्ञांची कामे, आपण कशाला हात लावायचा? या प्रश्नाचे उत्तर खुद्द हिंगणघाटच्या इतिहासात आहे. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि इथेच पुरला गेला. १८०८ साली तंजावरला देवळाच्या उंच गोपुरावर चढवताना त्याचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र दोर तुटून आदळले आणि त्याचे मोजमापाचे चक्रच वाकले. नवे यंत्र मागवायचे तर विलायतेहून, समुद्रमार्गे. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे पाचर, स्क्रू आणि कप्प्या वापरून ते चक्र जवळजवळ मूळ आकारात आणले. मोजणी पुढे चालू राहिली. त्याच मोजणीखात्यात नंतर अर्काटच्या सय्यद मोहसीन हुसेन या कारागिराने मोजणीची नाजूक यंत्रे सांभाळली आणि यंत्रनिर्मात्याच्या पदापर्यंत मजल मारली. गंमत अशी की त्या खात्यात ‘कॉम्प्युटर’ हे चक्क माणसाचे पद होते. राधानाथ सिकदार १८३१ साली तिथे रुजू झाले आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. माणूसच जेव्हा कॉम्प्युटर होता, तेव्हा चारदा चुकला म्हणून त्याला कुणी भंगारात दिले नसेल!

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पुण्याकडे पाहावे. कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातून आलेले, दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागलेले. १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत पुन्हा पुन्हा व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उतारा म्हणून प्रोग्राम लिहिले. त्यातून क्विक हील हे नाव उभे राहिले. त्यांना ती वाट झाकण उघडता उघडता सापडली.

मजुरीची लाज कुणाला?

या सर्वांत दुकानदारालाच दोषी धरणे अन्यायाचे होईल. दोन तास खपून त्याने तुमचा संगणक उघडला, झाडला, मेमरी बसवली आणि तीनशे रुपये मागितले, तर आपण म्हणतो, ‘केलं काय तुम्ही एवढं? नुसतं पुसून तर दिलं!’ त्याच दुकानात नव्या लॅपटॉपचा आकडा आपण फारशी घासाघीस न करता मान्य करतो. सुट्या भागाची किंमत आपल्याला दिसते, हाताच्या कसबाची दिसत नाही. मग त्या बिचाऱ्याने दुरुस्ती का करावी? त्याने विकावे, हेच आपण त्याला शिकवले आहे. दुरुस्ती टिकवायची असेल तर मजुरी मोकळ्या हाताने द्यावी लागेल, आणि बदल्यात जुना भाग परत मागण्याचा, काय केले ते लिहून घेण्याचा हक्कही बजावावा लागेल.

कंपन्यांची जबाबदारी तर आहेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू केले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दिल्लीने दार किलकिले केले, पण त्यातून आत जायचे ते ग्राहकालाच. सुटा भाग मिळत नाही, माहिती मिळत नाही, याची तक्रार कुणी केलीच नाही तर हक्क कागदावरच राहणार.

दुरुस्ती म्हणजे अंधश्रद्धेने जुने कवटाळणे, असाही अर्थ कुणी काढू नये. मुख्य पट्टी जळाली, पडद्याचा खर्च यंत्राच्या किमतीजवळ गेला, तर निरोप द्यावा. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू-दाबू नये, वापर लगेच थांबवावा आणि ती जाणत्याकडे सोपवावी. पण निरोप देण्याआधी निदान तपासणी तरी व्हावी, एवढेच म्हणणे आहे. डॉक्टर नाडी न पाहता मृत्यूचा दाखला देत नाही.

यात गावाला करता येण्यासारखेही बरेच आहे. २००९ साली अॅम्स्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या बाईंनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला: लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या, जाणत्यांनी शेजारी बसून त्यांच्याच हातून दुरुस्त करवून घ्यायच्या. आपल्याकडे त्यासाठी कॅफे नको. वाचनालयाची खोली आहे, शाळा आहे, गणेश मंडळ आहे, आयटीआयला जाणारी मुले आहेत. २००१ पासून महाराष्ट्रात एमएससीआयटी करून लाखो लोक संगणक चालवायला शिकले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी प्रमाणपत्र फाईलला लावले, पण संगणकाच्या पोटात काय असते ते कधी पाहिले नाही. महिन्यातला एक रविवार त्यासाठी पुरे.

आणि ही कामे फक्त मुलांचीच, हा समज तर आधी मोडावा. कुकरचे गॅस्केट बदलणारी, मिक्सरच्या भांड्याचे पाते काढून धुणारी, शिलाई मशीनची बॉबिन काढून तेल सोडणारी बाई आपल्या प्रत्येक घरात आहे. मेमरीची पट्टी बसवणे त्याहून कठीण नाही. दिवाळीच्या झाडझुडीत एकदा, आणि कापसाचा हंगाम ओसरून ऊन तापायच्या आधी, होळीच्या सुमारास एकदा, अशी वर्षातून दोनदा संगणकाची सफाई ठरवून टाकावी. पेचकस मुलीच्या हाती द्यावा, काढलेले स्क्रू वाटीत ठेवायला सांगावे, आणि आपण नुसते शेजारी बसावे.